फोटो छान आला म्हणजे काय आलं?

साताऱ्यात आमचा स्टुडिओ आहे. अण्णांनी सुरू केलेला, गेली २२ वर्षं मी चालवते. या वर्षांत काउंटरवरचा एक संवाद इतक्यांदा ऐकलाय, की तो सुरू होणार असं दिसलं की मी आधी चहा सांगते.

स्थळासाठी फोटो काढायला मुलगी येते, बरोबर आई. साडीतला एक, ड्रेसमधला एक, उभा एक, बसलेला एक. संगणकावर फोटो उघडला की आई म्हणते, "अगंबाई, किती छान आलाय!" आणि त्याच क्षणी मुलगी म्हणते, "ई, मी अशी दिसते?" मग माझ्याकडे वळून, "ताई, आरशात मी अशी नाही हो दिसत."

दोघी खरं बोलत असतात. फोटो एकच, पाहणाऱ्या दोघी, आणि जिचा फोटो आहे तिलाच तो पटत नाही. आपल्या भाषेतही गंमत आहे. फोटो आपण 'काढतो', पण तो बरा की वाईट हे सांगताना म्हणतो 'आला'. आंबा आला, पाऊस आला, तसा फोटो आला. म्हणजे काढणाऱ्याच्या हातात सगळं नाही, हे भाषेला आधीपासून ठाऊक आहे. मग कशाकशाच्या हातात आहे?

चमकी कुठल्या बाजूला?

आधी आरशाचा हिशोब. डाव्या नाकपुडीत चमकी घातलेली बाई आरशासमोर उभी राहिली की तिला ती चमकी आरशातही स्वतःच्या डाव्या हाताकडेच दिसते. पण तुम्ही तिच्यासमोर उभे राहिलात, तर तीच चमकी तुमच्या उजव्या हाताकडे असते. कॅमेरा तुमच्या जागी उभा असतो, आरशाच्या जागी नाही. त्यामुळे फोटोत चमकी, भांग, गालावरचा तीळ, सगळं आरशाच्या उलट बाजूला जातं.

एवढ्याशा फरकाने काय होतंय, असं वाटेल. पण कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. एक भुवई किंचित वर असते, हसताना ओठाचं एक टोक आधी उचललं जातं. जन्मभर आरशात पाहून या तिरपेपणाची आपल्याला सवय झालेली असते, इतकी की तो दिसेनासा होतो. फोटोत तोच तिरपेपणा दुसरीकडे गेला की एकदम डोळ्यांत येतो. घरातलं कपाट कुणी एका भिंतीवरून समोरच्या भिंतीला नेऊन ठेवावं, तसं.

मिटा, डर्मर आणि नाइट या तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये नेमकं हेच तपासलं. एकाच चेहऱ्याच्या दोन प्रती केल्या, एक सरळ आणि एक आरशासारखी उलट. ज्यांचा चेहरा होता त्यांना उलटी प्रत जास्त आवडली, त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ. जे रोज दिसतं ते आवडू लागतं, इतकंच त्यामागचं कारण. माझ्या काउंटरवरची आई आणि मुलगी तोच प्रयोग दर आठवड्याला फुकट करून दाखवतात.

तेव्हा स्वतःचा फोटो निवडायचा असेल तर तो दुसऱ्याला निवडायला सांगा. मुली हे ऐकत नाहीत, तो भाग वेगळा.

दीपमाळेच्या पायथ्याशी

दुसरी तक्रार नाकाची. "सेल्फीत माझं नाक भज्यासारखं दिसतं." बिचाऱ्या नाकाचा यात काही दोष नाही, दोष हाताच्या लांबीचा आहे.

देवळातल्या दीपमाळेच्या अगदी पायथ्याशी उभं राहून वर पाहा. खालचे हात दणकट, जाडजूड दिसतात आणि वरचा भाग निमुळता होत कुठच्या कुठे जातो. आता देवळाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहा. तीच दीपमाळ बांधेसूद दिसते. दगड काही हलले नाहीत, तुम्ही हललात. जवळून पाहताना जे आणखी जवळ आहे ते अवास्तव मोठं होतं.

चेहऱ्यावर नाकाचा शेंडा सगळ्यात पुढे आणि कान त्याच्या मागे साधारण १२ सेंटिमीटरवर. फोन नाकापासून ३६ सेंटिमीटरवर धरला, तर कान ४८ वर राहिले. म्हणजे कानांच्या मानाने नाक सुमारे ३३ टक्के मोठं दिसणार. आता १८० सेंटिमीटरवर जा. नाक १८०, कान १९२. फरक उरला जेमतेम ७ टक्के. अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जनने २०१८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर हे गणित मांडून दाखवलं होतं. पाच फुटांऐवजी एक फुटावरून फोटो काढला तर नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. सेल्फी दाखवून नाकाची शस्त्रक्रिया मागणाऱ्यांची त्याला काळजी वाटत होती.

आमच्या धंद्यात एक समज फार पक्का आहे, की ८५ मिलिमीटरची लेन्स 'पोर्ट्रेट लेन्स' असते आणि ती चेहरा सुंदर करते. लेन्स तसं काहीही करत नाही. तिच्यातून चेहरा-खांदे चौकटीत बसवायचे तर फोटोग्राफरला दीड-दोन मीटर मागे सरकावंच लागतं, आणि खरी करामत त्या मागे सरकण्यात असते. गप्पा मारताना समोरचं माणूस साधारण त्याच अंतरावर असतं, म्हणून तो चेहरा आपल्याला ओळखीचा वाटतो. अण्णांना हे गणित माहीत नव्हतं, पण स्टुडिओच्या फरशीवर त्यांनी तेलरंगाने एक पट्टी मारून ठेवली होती. तिच्या पुढे कॅमेरा न्यायचा नाही. ती पट्टी अजून आहे.

हलता चेहरा, थांबलेला फोटो

आरसा आणि अंतर हे दोन्ही सांभाळलं, तरी फोटो 'येत' नाही, असं पुष्कळदा होतं. कारण आपण माणसाला कधी थांबलेलं पाहिलेलंच नसतं.

बोलणाऱ्या माणसाचा चेहरा सतत चालू असतो. एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर जाताना ओठ वाकडे होतात, पापण्या अर्ध्यावर येतात, जीभ दाताला लागते. हे सगळं आपला मेंदू एकत्र मिसळून घेतो. कॅमेरा मिसळत नाही. तो सेकंदाचा एकशे-पंचविसावा हिस्सा उचलतो आणि म्हणतो, हे घ्या. गाण्याच्या मध्येच एक सूर तोडून काढावा आणि म्हणावं, हा मारवा. तसा तो एकटा सूर कशाचाच नसतो.

२०१२ मध्ये यावर एक प्रयोग झाला. काही माणसांच्या छोट्या चित्रफिती आणि त्याच फितींमधून काढलेली स्थिर चित्रं लोकांना दाखवली. तोच चेहरा, तोच क्षण, पण हलताना तो लोकांना जास्त देखणा वाटला. संशोधकांनी त्याला 'गोठलेल्या चेहऱ्याचा परिणाम' असं नाव दिलं. मला त्यात आमच्या सगळ्या धंद्याची अडचण दिसते. माणसाची ओळख त्याच्या हालचालीत आहे, आणि आमच्या हातात असते ती फक्त एक थांबलेली चौकट. त्या हजारो चौकटींतली कुठली एक उचलली तर घरचे म्हणतील "हो, हाच तो", एवढंच ओळखायचं असतं.

---

चौकट: पंधराजणांत एकाचे तरी डोळे मिटलेले का?

माणूस मिनिटाला साधारण १२ वेळा पापणी लववतो असं धरा, आणि दर वेळी पाव सेकंद डोळा झाकलेला. म्हणजे मिनिटातले ३ सेकंद, अर्थात ५ टक्के वेळ, डोळे मिटलेले. एकट्याच्या फोटोत हे चालून जातं. पण १५ जणांच्या कुटुंबात सगळ्यांचे डोळे एकाच वेळी उघडे असण्याची शक्यता निम्म्याहून कमी भरते.

ऑस्ट्रेलियातले पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी यावर सोपा नियम काढला आणि २००६ चा इग नोबेल पटकावला. २० पेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला ३ ने भागा, उजेड कमी असेल तर २ ने. येईल तेवढे फोटो काढा, एक तरी साफ मिळेल. १५ माणसांना ५ फोटो. ५० माणसं असली की आशा सोडा.

आमचा घरगुती उपाय: "सगळ्यांनी डोळे मिटा. तीन म्हटलं की उघडा." तीन म्हटल्यानंतर क्षणभर थांबून बटण दाबायचं.

---

"झालं, काढला"

मग ती चौकट पकडायची कशी? इथे तंत्र संपतं असं नाही, पण ते कॅमेऱ्यातून निघून चेहऱ्याच्या स्नायूंत जातं.

ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये एक पुस्तक काढलं. माणसाच्या चेहऱ्यावर विजेचे सौम्य झटके देऊन एकेक स्नायू आखडायला लावायचा आणि त्याचे फोटो घ्यायचे, असा त्याचा उद्योग. त्यातून त्याला कळलं की हसण्यात दोन कामगार असतात. एक ओठांची टोकं वर ओढतो, तो सांगितलं की काम करतो. दुसरा डोळ्यांभोवती असतो, गाल वर चढवतो आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पाडतो. हा दुसरा सहसा हुकमाचा ताबेदार नसतो, आतून बरं वाटलं तरच तो उठतो. "स्माईल प्लीज" म्हटल्यावर पहिला कामगार धावत येतो आणि दुसरा झोपून राहतो. स्थळाच्या फोटोंमधलं ते ठरावीक हसू तिथून येतं.

जुन्या फोटोंतले पणजोबा मुळीच का हसत नाहीत, याचं उत्तर बरेच जण देतात की तेव्हा कॅमेऱ्याला फार वेळ लागायचा. १८३९ च्या सुमाराला ते खरं होतं. मिनिटं-मिनिटं बसावं लागे, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. पण १८८० नंतर कोरड्या काचा आल्या आणि काम सेकंदावर, त्याच्याही खाली आलं. १९३० मधले पणजोबा कॅमेऱ्यामुळे गंभीर नाहीत. आयुष्यात एकदा फोटो काढायचा, तो कोर्टाच्या कागदावर सही करावी तसा काढायचा, म्हणून ते गंभीर आहेत.

तो कडकपणा उतरवायला प्रत्येक फोटोग्राफरची एक युक्ती असते. फिलिप हाल्समन मोठमोठ्या माणसांना चक्क उडी मारायला लावायचे. निक्सन यांनी मारली, विंडसरच्या ड्यूक आणि डचेसनी मारली. उडी मारताना लक्ष उडीकडे असतं आणि चेहऱ्यावरचा मुखवटा गळून पडतो, हा त्यांचा सिद्धांत. या उड्यांचं पुस्तक १९५९ मध्ये निघालं. मला साताऱ्यात हे परवडणारं नाही. निवृत्त मुख्याध्यापकांना उडी मारा म्हटलं तर ते शेजारच्या स्टुडिओत जातील.

आमच्याकडे अण्णांची युक्ती चालते. दोन-तीन फोटो काढायचे, मग मोठ्याने म्हणायचं, "झालं, काढला." माणूस श्वास सोडतो, खांदे खाली येतात, पदर सारखा करतो, बरोबर आलेल्याकडे पाहून काहीतरी बोलतो. खरा फोटो तेव्हा काढायचा. अण्णांच्या वेळी रोल महाग होता, ३६ फोटोंत चार गिऱ्हाइकं उरकायची असत, म्हणून ते सुरुवातीचे दोन फोटो रिकाम्या कॅमेऱ्याने काढायचे. फक्त आवाज. हे मला फार उशिरा कळलं.

दुसरं म्हणजे हात. माणसाला फोटोत चेहऱ्याचं काही वाटत नाही, हातांचं वाटतं. ते कुठे ठेवायचे? शिंप्याच्या हातात मोजपट्टी दिली, सुगरणीच्या हातात परात दिली, की मान आपोआप त्यांच्या रोजच्या कोनात येते. माणसाचा स्वभाव मला चेहऱ्याआधी त्या मानेच्या कोनात दिसतो.

वाटाण्याएवढा सूर्य

उजेडाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलायला लागले तर अंक पुरायचा नाही.

हात लांब करून चिमटीत वाटाणा धरा. आकाशातला सूर्य आपल्याला तेवढाच दिसतो. प्रत्यक्षात तो प्रचंड आहे, पण आपल्या लेखी वाटाणा. लहानशा जागेतून आलेला उजेड कडक सावली पाडतो, म्हणून भर दुपारी डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात आणि सुरकुती चिरेसारखी दिसते. श्रावणात पातळ ढग आले की तोच सूर्य सगळ्या आभाळभर पसरतो. उजेड चारी बाजूंनी येतो, सावलीच्या कडा विरघळतात. स्टुडिओतली पांढरी छत्री नाही तर सॉफ्टबॉक्स म्हणजे विकत आणलेला ढग.

घरात तोच ढग म्हणजे उत्तरेची खिडकी. आपल्याकडे मेच्या मध्यानंतर सूर्य डोक्याच्याही उत्तरेला सरकतो आणि त्या खिडकीतून दुपारची तिरीप आत येते. एरवी तिथला उजेड दिवसभर मऊ असतो. माणसाला खिडकीशी थोडं तिरकं बसवा. डोळ्यांत खिडकीचा पांढरा ठिपका उमटला की फोटो जिवंत होतो. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी मुरलेल्या हातालाच देतात, ती याच ठिपक्यासाठी. गौतम राजाध्यक्षांचे (१९५०–२०११) चेहरे आठवा. त्यांच्या मऊ उजेडाची नक्कल आम्ही सगळ्यांनी केली, आणि तिथेच चुकलो. कारण ते समोरच्या माणसाला मोकळं करत, आणि ते छत्री विकत घेऊन येत नाही.

काळं झबलं, पांढरा हलवा

जानेवारीत माझी खरी परीक्षा असते, बोरन्हाणाची. काळ्या मखमली झबल्यातलं दीड वर्षाचं बाळ आणि अंगावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने. कॅमेऱ्याला याहून अवघड काही देता येणार नाही.

कॅमेरा भोळा असतो. समोर जे काही आहे ते सरासरी मधल्या करड्या रंगाचं आहे, असं धरून तो उजेड ठरवतो. पुढ्यात सगळं काळं दिसलं की त्याला वाटतं अंधार पडलाय, आणि तो उजेड वाढवतो. मखमल धुळकट राखाडी होते आणि हलव्याचे काटे पुसले जाऊन त्याची साबुदाण्याची खिचडी होते. ज्या आजीने आठ दिवस बसून एकेक दाणा ओवलाय तिला ते काटे बघायचे असतात. तेव्हा कॅमेऱ्याला मुद्दाम कमी उजेड घ्यायला सांगायचं. फोनवरही जमतं. बाळाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, बाजूला सूर्याचं चिन्ह येईल, ते खाली ओढा. उलट, मुंजीतल्या पांढऱ्या कपड्यांतल्या बटूला थोडं वर.

क्षण कुठला, हे मात्र फोन सांगत नाही. बोरं-चुरमुऱ्यांची पहिली ओंजळ डोक्यावर पडली की बाळ भेदरतं. सगळे तिथेच फोटो काढतात. मी थांबते. दुसऱ्या-तिसऱ्या ओंजळीला त्याला शोध लागतो की हे खायचं आहे, आणि ते उसाचा तुकडा उचलून त्याच्याकडे संशयाने बघतं. मुंजीतही सगळे कॅमेरे बटूवर असतात. मातृभोजनाला मी आईवर ठेवते. तो फोटो पुढे तो मुलगाच मागायला येतो, स्वतःच्या मुलाच्या मुंजीच्या वेळी.

एक मागणी मी सहसा मानत नाही. "जरा गोरं करा." अण्णांच्या काळी निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग व्हायचं, आता एक बोट फिरवलं की काम होतं. रंग उजळला, सुरकुत्या पुसल्या, की माणूस सुंदर दिसतो आणि अनोळखी होतो. डोळ्यांच्या कडेच्या रेषा म्हणजे वर्षानुवर्षं हसून पडलेल्या घड्या. फोटो थांबलेला असला तरी त्या घड्यांतून हालचालीचा माग लागतो. तो माग पुसायचा आणि मग "फोटोत जीव नाही" म्हणायचं, याला काय अर्थ?

हाराचा फोटो

गेल्या वर्षी एका आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचं काम होतं. साधारण ८१ वर्षांच्या आयुष्यात हजार पौर्णिमा होतात, त्याचा सोहळा. सगळं गोत जमलं, मोठा फोटो झाला. गर्दी पांगल्यावर आजी खुर्चीतून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "आता माझा एकटीचा काढ गं पोरी. हाराचा."

सुना कासावीस झाल्या. "अहो आई, आजच्या दिवशी काय हे!" आजी शांत. "मग काय, मागनं ग्रुपमधनं कापून लावणार तुम्ही. कुणाचा तरी खांदा येतो त्यात."

त्यांचं म्हणणं खरं होतं. असे खांदे मी शेकड्याने पुसलेत. मी खिडकी उघडली, त्यांना तिरकं बसवलं. आजींनी एकदम चेहरा घट्ट केला. भिंतीवर त्यांच्या यजमानांचा जुना फोटो होता, हुबेहूब तसा. दोन काढले आणि म्हटलं, "झालं आजी. तुमच्या लग्नातला फोटो आहे का हो घरात?"

"कुठला? जेठातलं लग्न. ओढ्याला पाणी आलं, फोटोवाला पलीकडच्या काठावर. त्याला तिकडनंच ओरडून सांगितलं, लांबनं काढ म्हणून." आणि त्या हसल्या, अशा की डोळे दिसेनात.

आठवड्याने दोन्ही फोटो दाखवले. घरातल्या सगळ्यांनी हसरा निवडला. आजींनी घट्ट चेहऱ्याचा. "भिंतीवरनं सगळ्यांना हसत बसू का मी?" शेवटी घट्ट चेहऱ्याचा मोठा करून फ्रेम झाला, हसरा नातीने फोनमध्ये नेला.

दहा दिवसांनी आजी रिक्षाने फ्रेम घेऊन हजर. "काच बदलून दे. यात मी दिसतच नाही, ट्यूबलाइट दिसते."

काच बदलून उपयोग नव्हता. मी सांगितलं, फ्रेम भिंतीला सपाट लावलीय, म्हणून समोरचा उजेड काचेवर आपटून थेट डोळ्यांत येतो. वरची बाजू थोडी पुढे झुकवून टांगली की उजेड खाली जमिनीकडे जाईल. जुन्या घरांत सगळे फोटो असेच पुढे झुकलेले असायचे.

आजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे ह्यांचा फोटो झुकलाय तो त्यासाठी? पस्तीस वर्षं मला वाटतंय, खिळा ढिला झालाय."